मोझेल मावशी शिकागो बघते

शिकागो,
गुरुवार, ५ जून १९७५

ती. अर्लीनताई हिस,
मोझेलचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आधी एवढं लिहून टाकते, म्हणजे टपालवाल्यासाठी दारात ताटकळणं तू थांबवशील. गाडीत खिडकीची जागा मिळाली. तू बुटांच्या खोक्यात बांधून दिलेलं तळलेलं चिकन मेम्फिसच्या आधीच संपलं, कारण शेजारची बाई खोक्याकडे असं बघत होती की मला घास गिळवेना. शेवटी तिला तंगडी दिली, तेव्हा कुठे दोघींना शांतपणे जेवता आलं.

हॉटेल स्वच्छ आहे. खोली वीतभर, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, पण दाराला आतून कडी आहे आणि ती मी लावते. काउंटरवरच्या बाईने विचारलं, बरोबर कोण आहे. मी म्हटलं, कोणी नाही. मग तिने विचारलं, मागून कोणी येणार आहे का. जेवायला गेले तिथेही तेच. वाढणारी मुलगी समोरच्या रिकाम्या जागेवरची काटा-सुरी उचलताना इतका पडका चेहरा करून होती, की मीच तिची समजूत घातली. म्हटलं, बाळ, मला कोणी सोडून गेलेलं नाही, मी सुट्टीवर आहे.

इथे जे सरोवर आहे त्याला पलीकडचा काठच नाही. मी बघत उभी राहिले आणि वाऱ्याने टोपी नेली. चर्चची निळी नव्हे, ती दुसरी. विज्ञानाच्या संग्रहालयात तर एक गंमतच. काचेच्या पेटीत अंडी ठेवली आहेत, त्यातून कोंबडीची पिल्लं बाहेर येतात, आणि शिकलीसवरलेली माणसं माना उंच करकरून ते बघतात. मला हसू आवरेना. मग बघते तर मीच तिथून हलत नव्हते. ताई, आपण जन्मभर कोंबड्या पाळल्या, पण पिल्लू पूर्ण बाहेर येईपर्यंत बघत बसायला आपल्याला सवड कधी होती?

आता तेच पुन्हा सांगते, कारण तुझ्या जिभेचा मला भरवसा नाही. मी इथे आहे हे वर्निटाला कळता कामा नये. आई गेल्यापासून बाबा, मग आपली रूबी गेल्यावर तिची ही पोर, मग शाळेच्या स्वयंपाकघरात साऱ्या गावची पोरं. आज जेवायला काय आहे, हे ऐकत माझे केस पिकले. हे दोन आठवडे मला तो प्रश्न कुणी विचारायचा नाही. ज्या शहरात भाची राहते तिथे येऊन तिच्या दारी जायचं नाही, हे वाईट दिसतं, कळतं मला. शेवटच्या दिवशी जाईन. आधी गेले तर माझी सुट्टी तिच्या चुलीपाशी संपली म्हणून समज. तू बायबलवर हात ठेवून शब्द दिला आहेस.

रविवार चुकवणार नाही. वर्निटाच्या घरापासून लांबचं एक चर्च हेरून ठेवलं आहे, तिथे मला चिटपाखरूही ओळखत नाही. भावोजींना नमस्कार. राग निवळला असेल तर लोभ ठेव, आणि नसेल निवळला तरी ठेव.

तुझी,
मोझेल


हॅरोज बेंड, मिसिसिपी,
शनिवार, ७ जून

चि. मोझेलला,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. मी दारात ताटकळत नव्हते, अंगण झाडत होते. रोज त्याच वेळी झाडते, विचार कुणालाही.

तू हॉटेलात उतरली आहेस हे मी इथे सांगितलेलं नाही. सांगू तरी कसं? आपलं माणूस उत्तरेला गेलं की एका हातात हॅम, दुसऱ्या हातात लोणच्याच्या बरण्या, आणि झोपायला नातेवाइकांचा सोफा. सगेसोयरे असताना भाड्याच्या पलंगावर झोपणारी बाई आपल्यात मी पाहिली नाही. चर्चमध्ये बायकांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की तू जॅक्सनला डॉक्टरांकडे गेली आहेस. आता सगळ्या तुझ्यासाठी प्रार्थना करताहेत. तुला काय झालंय ते मला लवकर ठरवावं लागेल. पित्ताशय चालेल का?

तुझ्या भावोजींना, लूशसना, तुझं कौतुक वाटतंय, ते मला मुळीच आवडलेलं नाही. पिल्लांचं वाचून इतके हसले की कॉफी सांडली.

आता खरं दुखणं सांगते. वर्निटाचं पत्र आलं आहे. मुलगी झाली. नाव रूबी ठेवलं. आपल्या रूबीचंच. ओडेल कारखान्यात रात्रपाळीला, सासू डेट्रॉइटला, आणि बाळंतीण पोर चौथ्या मजल्यावर एकटी. लिहिते, की या वेळी मोझेल मावशी जवळ असती तर. मी शब्द दिला आहे, तो मोडणार नाही. पण बहिणीच्या नातीपासून बसच्या अंतरावर उभी राहून तू कोंबडीची पिल्लं बघते आहेस, एवढं ध्यानात असू दे.

पाय ओले ठेवू नकोस. माया आहे म्हणून बोलते, ती आटवू नकोस.

तुझी थोरली,
अर्लीन


शिकागो,
मंगळवार, १० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं, आणि त्याच्या आधीच सगळं होऊन बसलं. तुझा दोष नाही. माझ्याच पायांचा आणि तोंडाचा.

रविवारी मी त्या लांबच्या चर्चला गेले. मागच्या बाकावर, खांबाआड. पांढरे हातमोजे घातलेल्या बाईने कागदी पंखा दिला, गाणी सुरेख झाली, मी खुशीत होते. मग एकजण पुढे येऊन म्हणाली, की आज जे पाहुणे असतील त्यांनी उभं राहावं. ताई, मी बसून राहू शकले असते. पण आपल्यात कुणी बसून राहिलंय कधी? आईने थडग्यातून येऊन चिमटा काढला असता. पाय आपोआप उठले आणि तोंड आपोआप सुरू झालं, की मी मोझेल गेंट्री, माउंट निबो बॅप्टिस्ट चर्च, हॅरोज बेंड, मिसिसिपी, आमचे पाद्री रेव्हरंड टॉलिव्हर आणि सर्व मंडळींचा नमस्कार घेऊन आले आहे. लहानपणापासून घोटलेलं, मधे थांबवता येत नाही.

गावाचं नाव निघालं मात्र, गाणाऱ्यांच्या रांगेतून एक बाई ओरडली, अगं बाई, हॅरोज बेंड! कापसाच्या गिरणीवरच्या पेटस म्हाताऱ्याची नात निघाली ती. आणि वर्निटाची मैत्रीण. प्रवचन संपायची वाटही तिने पाहिली नाही, बाजूच्या दाराने फोनकडे गेली. मी बाहेर आले तर ओडेल गाडीला टेकून उभा. नम्र पोरगा आहे. मावशी, चला, एवढंच म्हणाला, पण फार अवघडलेला होता.

वर्निटाने मला बघितलं आणि आधी मिठी मारली, मग रडली, आणि मग विचारलं, की तू बुधवारपासून इथे आहेस? मी बाळाकडे वळले. बाळ आपल्या रूबीच्या वळणावर आहे, हनुवटी अगदी तीच. मी एप्रन बांधला. भाजी, कोंबडी, मक्याचा पाव, सगळं केलं, आठवडाभर पुरेल एवढं. बाळाचे कपडे धुतले. तोवर सोफ्यावर माझ्यासाठी चादर पडली होती आणि ओडेल माझी बॅग आणायला निघाला होता. त्याने खोलीची किल्ली मागितली. मी दिली नाही.

वर्निटा म्हणाली, की आई नाही म्हणूनच मी तुला हाक मारते ना, दुसऱ्या कुणाला मारू? ताई, जी पोर मी वेणीफणी करून वाढवली तिला नाही म्हणताना मला स्वतःची लाज वाटत होती. तरीही नाही म्हटलं. तिला सांगितलं, की आजची रात्र राहते, उद्या सकाळी जाते, आणि जायच्या आधी पुन्हा येईन. कारण मी मला ओळखते. आज राहिले तर पोर शाळेत जाईपर्यंत मी तिथेच, आणि माझ्यावर कुणी जुलूम केला असंही म्हणता येणार नाही.

सोमवारी उठून बिस्किटं भाजून ठेवली, टोपी घातली आणि निघाले. ती दारापर्यंत आली नाही. मी त्या नव्या उंच मनोऱ्यावर गेले. वरून सगळं शहर दिसलं आणि मी वेड्यासारखी तिचीच इमारत शोधत राहिले. पण खाली उतरल्यावर तिच्याकडे गेले नाही. नदीवर गेले. नाव आली की पूल उचलला जातो, ते बघितलं.

तू चिडली असशील. चिड. पण मी पुढच्या बुधवारपर्यंत इथेच आहे. माझ्यावरची माया या पत्राइतकीच जपून ठेव, फाडू नकोस.

तुझी,
मोझेल


शिकागो,
गुरुवार, १२ जून

ती. अर्लीन मावशीस,
वर्निटाचा शि. सा. न.

तुलाही ठाऊक होतं ना? मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. मोझेल मावशी आली, भांडीभर रांधून ठेवलं आणि सोमवारी टोपी घालून गेली. म्हणे मनोरा बघायचाय. मनोरा काय पळून जाणार होता? मी तिचं रांधलेलं दिवसभर खाल्लं नाही. रात्री ओडेलने गरम करून पुढ्यात ठेवलं तेव्हा खाल्लं, तेही रागाने. ओडेल म्हणाला, की तू मावशीला घरी बोलावत होतीस की कामावर? 

हे सगळं लिहून तुला चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. पण काल एक झालं.

बाळाला दवाखान्यात नेत होते. बस सरोवराकाठच्या रस्त्यावर सिग्नलला थांबली. तिथे बाकावर मोझेल मावशी बसली होती. बूट काढून बाजूला ठेवलेले, टोपी उडू नये म्हणून वरून रुमाल हनुवटीखाली बांधलेला, हातात सॉसेज घातलेला पाव. ती कुणाची वाट बघत नव्हती. कुणाकडे बघतही नव्हती. सावकाश एक घास खायची आणि पाण्याकडे बघायची.

मावशी, मी तिच्या घरात लहानाची मोठी झाले. मला आठवतंय ते तिचं उभं राहणं. आम्ही टेबलाशी जेवायचो आणि ती चुलीपाशी उभ्याने खायची, अर्धं लक्ष आमच्या ताटात. तिला बसून जेवताना मी काल पहिल्यांदा पाहिलं. मला ती क्षणभर ओळखूच आली नाही.

बस थांबवायची दोरी ओढायला मी हात वर केला होता. तो खाली घेतला. बस निघाली, आणि दवाखान्यापर्यंत मी रडत होते. बाळ बिचारं माझ्याकडे बघत होतं.

ओडेलने पुढच्या आठवड्यात रजा मागितली आहे. शेजारच्या मिसेस डूली सकाळी तासभर बाळ घेतील, त्या कधीच्या म्हणत होत्या, मीच मनावर घेत नव्हते. मोझेल मावशीला मी पाहिलं हे तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझा राग अजून थोडा आहे, तरी तुझा आशीर्वाद हवाच आहे.

तुझी,
वर्निटा


हॅरोज बेंड,
शनिवार, १४ जून

चि. मोझेलला,
अ. उ. आ.

तुला झोडपायला कागद घेतला होता, पण आज वर्निटाचं पत्र आलं. तिने तुला सरोवराकाठी बसून जेवताना पाहिलं, बसमधून. हाक मारली नाही. म्हणते, तुला बसून जेवताना तिने पहिल्यांदा पाहिलं. वाचून मी आठवत बसले, की मी तरी तुला कधी पाहिलं. नाताळला? आईच्या दफनानंतर लोक जेवले तेव्हा? तेव्हाही वाढत तूच होतीस. मी खुर्चीवर बसून तुला रस्सा आण म्हणत होते.

तरी मी काही माफी मागणार नाही. मोठी आहे मी.

इथे पित्ताशयाचं ऑपरेशन टळलं असं मी जाहीर केलं. चर्चमध्ये बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आता एक मागते. हसू नकोस. माझं लग्न झालं ते आईच्या घरून थेट लूशसच्या घरी. मध्ये एक रात्रही मी एकटी झोपलेली नाही. तुझी पत्रं वाचते आणि दुपारभर मला काही सुधरत नाही. पुढच्या खेपेला मला घेऊन चल. मी त्रास देणार नाही. खाण्याचं बरोबर बांधून घेईन, तुझी टोपी धरीन, तू म्हणशील तिथे बसेन. लूशसना अजून विचारलं नाही, पण विचारीन.

नाही म्हणू नकोस. जीव लावून बसले आहे.

तुझी थोरली,
अर्लीन


शिकागो,
मंगळवार, १७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उद्या निघते. हे पत्र माझ्या आधी पोचेल की मागून, कोण जाणे. पण समोर बसून सांगू लागले तर तू मधेच बोलशील, म्हणून लिहिते.

रविवारी वर्निटा हॉटेलवर आली. बाळ घेऊन, एकटी, दोन बस बदलून. मला वाटलं, आता पुन्हा रडारड. तर ती म्हणाली, की मावशी, तुझं बघायचं काय राहिलंय ते मला दाखव, मी इतकी वर्षं इथे राहते आणि मी काही पाहिलेलं नाही. मी तिला सरोवरावर नेलं. बाकावर बसलो. तिने आइस्क्रीम आणलं, बाळ स्वतःच्याच मांडीवर ठेवलं. रडलं तरी माझ्याकडे दिलं नाही, स्वतःच थोपटत राहिली. मी आइस्क्रीम संपवलं, हात पुसले, आणि आपणहून पुढे केले. तिने विचारलं, खरंच? मी म्हटलं, दे गं. ताई, त्या पोरीला घेताना मला जितका आनंद झाला, तितका कुणी मांडीवर टाकली असती तर झाला नसता. मी थोडी रडले. वाऱ्यावर ढकललं.

आता तुझं. तुझं मागणं मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि माझं उत्तर नाही असं आहे. मी तुला घेऊन येणार नाही. तू माझी टोपी धरशील, मी तुझ्यासाठी रस्ते विचारीन, तुझी गोळी आठवीन, तुला थंडी वाजते का बघत बसेन. दोघींपैकी एकीलाही सरोवर दिसणार नाही.

तू जा. काउंटरवरच्या बाईशी बोलले आहे. ऑक्टोबरात तुझ्या नावाने खोली धरून ठेवली आहे. पलंग एकच आहे. भावोजींना विचारू नकोस, नुसतं सांग. त्या दिवसांत त्यांच्या जेवणाचं मी बघणार नाही, हेही आत्ताच कानावर घालून ठेव. हात धड आहेत, अंडी तळायला शिकतील.

पहिल्या रात्री तुला भीती वाटेल. मलाही वाटली होती, तुला लिहिलं नाही एवढंच. दिवा लावून झोप. सकाळी उठशील तेव्हा खोलीत कुणीही नसेल, आणि कुठे जायचं ते तुलाच ठरवावं लागेल. मग जा कुठेही.

माझा लोभ आहेच तुझ्यावर. एकटीने फिरून तो कमी होत नाही, ते ऑक्टोबरात बघ.

तुझी,
मोझेल