त्यांचे सर काय सांगत होते

१७ नोव्हें. ९८
संघात नाव आलं! कर्नाटक, मुलींचा खो-खो. हुबळीतून आम्ही दोघीच, रेणुका न् मी. अप्पांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा सांगितलं. स्पर्धा सांगलीत, मामाच्या गावी, आणि समोर महाराष्ट्र येणारच. आईला म्हटलं, "मामा कुणाच्या बाजूनं ओरडणार गं?" तर म्हणे, "तू नीट पळ म्हणजे झालं." हे काय उत्तर झालं?

२५ नोव्हें.
शिबिर, धारवाड. आम्ही घरी मराठी बोलतो हे सरांना कळलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "किवी तेरदिट्को." कान उघडे ठेव, महाराष्ट्रवाल्यांचं बोलणं मला येऊन सांगायचं. मुली हसल्या, मीही हसले. पण हेर म्हणून घेतलंय की काय मला? रेणुका म्हणते, पळतेस म्हणून घेतलंय, उगीच डोकं खाऊ नको.

३ डिसें., सांगली
सेमी जिंकलो. रेणुकाचा घोटा मुरगळलाय. पट्टी मोज्याच्या आत, फक्त मला माहीत. उद्या फायनल, महाराष्ट्राशी. मामा लाडवांचा डबा घेऊन आला. "आमच्या पोरींना जरा सांभाळून हं!" आमच्या! मग मी कुणाची? गमतीत म्हणाला, तरी लागलं.

४ डिसें.
एका गुणाने हरलो.
इथे लिहिते, दुसरीकडे बोलायची सोय नाही. शेवटच्या पाळीत पळणार त्या, पाठलाग आमचा; त्याआधी नळावर पाणी प्यायला गेले. त्यांचे सर शेजारीच पोरींना सांगत होते, "शाळेकडच्या खांबाशीच खेळा, तिथली पोर लंगडतीय." तिथली म्हणजे रेणुका. परत आले. आमच्या सरांनी विचारलं, "एन?" काय म्हणत होते? मी मान हलवली. काही नाही.
सांगितलं असतं तर तिची जागा बदलली असती. त्या तिथेच घुटमळल्या, रेणुकाला एकही सापडली नाही.
का गप्प बसले? मामा समोर होता म्हणून? पहिल्या पाळीत मी पडले तेव्हा त्यांच्यातली एक "लागलं का गं?" म्हणाली म्हणून? खरंच कळत नाही. लाज वाटतेय.

९ डिसें., हुबळी
पुढच्या शिबिराची यादी. मी आहे, रेणुका नाही. सर म्हणाले, दुखणं लपवलं, तिच्यामुळे सामना गेला. ती रडली नाही. मी रडले, न् तिनेच माझी समजूत काढली! अप्पांना सांगावं तर ते म्हणणार, चार पिढ्या इथलं मीठ खातोय आपण. नकोच.

११ डिसें.
संध्याकाळी रेणुका आली. अजून लंगडते. आईने पोहे दिले, ते खाता खाता म्हणाली, "निनग मराठी बर्तदल्ल? तुला मराठी येतं ना? नळापाशी होतीस तू. त्यांचे सर काय सांगत होते गं?"
रागाने नाही, सहज. मी म्हटलं, चल, सोडायला येते. देशपांडे नगरपर्यंत तिच्या चालीने हळूहळू गेलो. तिच्या घराच्या दारात म्हणाली, "आठवलं तर उद्या सांग."
मला शब्दन् शब्द आठवतोय.