येसर लेकीला देत नाहीत

तीर्थरूप आईला विश्रामबागेतून उत्कर्षाचा पाया पडून नमस्कार.

आम्ही बरे आहोत. दर रविवारी पोरांना बागेत नेतो, नाहीतर भडंगाची पुडी घेऊन कृष्णेच्या घाटावर बसतो. थोडक्या पैशांत दिवस लय छान जातो, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी तेल लावून देते का?

या रविवारी बागेसमोरच्या नव्या खानावळीत जेवलो. आमटीचा पहिला भुरका घेतला आणि माझा हात थांबला. भाजलेल्या हुलग्याचा तोच वास. आपल्या घरचा येसराचा मसाला, आई!

मालकीण समीक्षाताईंना विचारलं. म्हणाल्या, "आवं, पाटणला दवाखान्यात नर्स हुते, तवा बनुबाईंकडं भाड्यानं ऱ्हायले. त्यांनीच हाताला धरून शिकवलं. लय माया केली."

पाटणच्या बनुबाई तुझ्याशिवाय दुसऱ्या कोण असणार?

लग्नाआधी मी किती मागं लागले होते. तू म्हणालीस, "घरचं येसर सुनंला देत्यात, लेकीला न्हाई. लेक दुसऱ्याच्या घरची." दिवाळीला देशील तो डबा वर्षभर चमच्यानं पुरवला. मग माझ्या लग्नानंतर आलेली ती भाडेकरीण कुठल्या घरची होती गं?

फोनवर बोलले असते तर रडू आलं असतं, म्हणून लिहिलं.

यंदा माझा डबा भरू नकोस. गुरुवारी समीक्षाताई मला येसर शिकवणार आहेत. मी कुणाची लेक, ते त्यांना सांगितलेलं नाही.

तुझी, पण दुसऱ्याच्या घरची,
उत्कर्षा