पिवळ्या खांबांचं दार

शिंगणापूर रस्ता, वस्तीवरून
मार्गशीर्ष

प्रिय पार्थ,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता तुझ्या चुलतभावाकडून, वैजनाथकडून लिहून घेतला. माझा नंबर तू मोबाईलमध्ये ब्लॉक करून ठेवला आहेस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. हडपसरला तिघांच्या खोलीत राहतोस, कुणाच्या तरी जिममध्ये लठ्ठ पोरांकडून बैठका काढून घेतोस आणि अमेरिकेतली पदवी बॅगेच्या तळाशी घालून ठेवली आहेस, हे सगळं मला कळतं. इथलं मात्र तुला कुणी कळवत नसणार, म्हणून मी कळवतो. आपली नगर महालीग झोकात पार पडली. सोनईच्या मैदानावर बायका टेम्पो भरभरून आल्या. राहात्यात तुझ्या मैदानावर कधी एवढी माणसं आली नव्हती. आणि दुसऱ्याच दिवशी महालीग मी बंद केली.

का बंद केली, याबद्दल लोक काहीही बोलतात. कुणी म्हणतं गहिनीनाथला निवडणूक लढवायची होती, कुणी म्हणतं म्हाताऱ्याला उतारवयात नाद लागला आणि उतरलाही. मला कसला नाद? दोन वर्षांपूर्वी तू परत आलास तेव्हा मी विमानतळावर गाडी घेऊन उभा होतो. मला वाटलं, पोरगा आता दूध केंद्र बघेल, ट्रॅक्टरचं शोरूम बघेल. तू बॅगेतून काढलास तो लांबुळका चेंडू. म्हणालास, याला अमेरिकन फुटबॉल म्हणतात, आपल्या जिल्ह्यात याची लीग काढायची, खेळाडूंना पगार द्यायचा. खेळायचा हातानं आणि नाव फुटबॉल! तरी मी ऐकून घेतलं. चार डावांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्यायचा, हे तू मला ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा मांडून शिकवलंस. मी म्हणालो, हे तर बांध कोरण्यासारखंच आहे की. तू हसलास. तुझी आई तर पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवशी आपण तिघं शेवटचे एकत्र हसलो असू.

पोरं तू बरोबर वेचलीस, एवढं श्रेय देतो. पाथर्डी, शेवगावची ऊसतोड करणाऱ्या घरांतली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा पोरगा रांगेत उभा केला की समोरच्याला हलवता येत नाही, हे तुझ्या अमेरिकेतल्या मास्तरांना सुचलं नसतं. आपल्याच रानात ऊस तोडणाऱ्या लंकाबाईचा गोरक्षनाथ तुझा क्वार्टरबॅक झाला. चेंडू फेकावा तर त्यानंच. गोफण फिरवून पाखरं हाकलणारा हात तो. तुम्ही दोघं एका ताटात जेवायचात. तेही मी ऐकून घेतलं.

पण राहात्याच्या उद्घाटनाचा दिवस मी विसरलेलो नाही, आणि तूही विसरू नकोस. मैदान आखलेलं, दोन्ही टोकांना गलोलीसारखे ते उंच खांब. तुझ्या आईनं त्यांना हळदीसारखा पिवळा रंग द्यायला लावला होता, आणि बिचारीनं खेळ सुरू व्हायच्या आधी दोन्ही खांबांना हळदकुंकू वाहिलं. मी नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसलो होतो. अख्ख्या राहात्याला ठाऊक होतं की नारळ गहिनीनाथ फोडणार. माईकवर नाव पुकारायची वेळ आली, मी खुर्चीतून अर्धा उठलोही. आणि तू पुकारलंस लंकाबाईला. म्हणे, या लीगची खरी ताकद या माऊलीच्या डोक्यावरच्या मोळीत आहे. टाळ्या पडल्या. मी अर्धा उठलेला, तसाच फेटा सारखा केल्यासारखं करून खाली बसलो. माझ्या शेजारचा रंगनाथ सुतार माझ्याकडे बघायचं टाळत होता. सुतारानं माझी कीव केली, पार्थ. ती बाई आमच्या बांधावर भाकरी खाते आणि तू तिच्या हातात नारळ दिलास, बापाच्या डोळ्यांदेखत.

तू नंतर म्हणालास, अण्णा, तुम्ही घरचेच, तुम्हाला काय मान द्यायचा. घरचाच तर होतो. म्हणून तर ठरवलं की तुझं हे खूळ बाहेरच्या कुणी मोडायचं नाही, घरच्यानंच मोडायचं.

मारामारी करून मोडलं असतं तर तू मोठा झाला असतास. मी दुसरी लीग काढली. तुझी गोदाकाठ लीग, माझी नगर महालीग. तुझे चार संघ, माझेही चार. पगारात तुला हरवणं सोपं होतं, पण पगारासाठी पोरं तुला सोडत नव्हती. तुझ्यावर जीव होता त्यांचा. मग मी दुखरी जागा शोधली. आपल्या भागात आता मुलीचा बाप शेती किती विचारत नाही, नोकरी कायमची आहे का ते विचारतो. तिशी उलटलेले घोडे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत आणि ‘पोरगा चेंडू घेऊन पळतो’ म्हटल्यावर पोहेसुद्धा कुणी खाऊ घालत नाही. मी सांगून टाकलं, महालीगमध्ये खेळेल त्याला आपल्या दूध केंद्रात कायमची नोकरी, आणि त्याची सोयरीक जमवायला मुलीच्या घरी मी स्वतः जाणार. गहिनीनाथ ओट्यावर येऊन बसला की नाही म्हणायची कुणाची टाप नाही, हे तुलाही माहीत आहे. तू तिकडं पोरांपुढं संघभावनेवर भाषणं ठोकत राहिलास. संघभावनेला मुंडावळ्या बांधता येत नाहीत, बाळा. पोळ्यापर्यंत तुझी निम्मी पोरं माझ्याकडे आली. येताना मान खाली घालून यायची. मी प्रत्येकाला चहा पाजला आणि तुझ्याबद्दल चांगलंच बोललो.

गोरक्षनाथ तेवढा येईना. त्याला मी दोनदा निरोप धाडला, तर म्हणाला, ‘मालक, पार्थभाऊला सोडून आलो तर हात उचलंल का माझा?’ त्याच्यासाठी मग मी राहात्याची निकिता शोधली. नर्सिंग शिकलेली, शांत, सरळ नाकाची. मुद्दाम फोटो त्याच्या हातात दिला नाही, लंकाबाईच्या हातात दिला. बाई फोटो पदराआड धरून रडली. म्हणाली, ‘आमच्यात अशी सून कोन देतंय, मालक.’ पुढचं त्याच्या आईनंच केलं. सुपारी फुटली, लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं धरलं, आणि दुसऱ्या दिवशी गोरक्षनाथ सोनईच्या मैदानावर माझी जर्सी घालून उभा राहिला. त्या रविवारी राहात्यात तुझ्या संघात अकरा पोरंही भरली नाहीत. प्रेक्षक होती एकटी तुझी आई, एसटीनं गेलेली. तुझ्या प्रत्येक सामन्याला ती गेली. माझ्या एकाही नाही.

त्याच संध्याकाळी तू घरी येऊन माझ्यावर ओरडलास. मी म्हणालो, निघ, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस. तू उंबऱ्यावर उभा राहून हसलास आणि म्हणालास, ‘अण्णा, शिंगणापूरच्या शिवेत राहता तुम्ही. घराला दार तरी आहे का बंद करायला?’ बरोबर होतं तुझं. शनिदेवाच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या आपण दाराशिवाय राहिलो, कुत्रं शिरू नये म्हणून फळी तेवढी आडवी लावतो. तू फळी बाजूला सारलीस आणि गेलास. तुझं ते हसणं मी नीट लक्षात ठेवलं.

महालीगचा अंतिम सामना दिवाळीनंतर झाला. खोटं बोलत नाही, गोरक्षनाथनं शेवटच्या डावात तो चेंडू असा काही लांब फेकला की मी उठून उभा राहिलो. नियम सगळे कळत होते, शेंगांवर शिकवले होतेस ना. उभा राहिलो आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, काहीतरी सांगायला. मग बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पोरांना दूध केंद्रावर बोलावलं आणि सांगितलं, लीग संपली, नोकऱ्याही संपल्या. तुझी लीग मोडायची होती, मोडली. मग माझी चालवून काय करू? पोरं हसली, त्यांना चेष्टा वाटली. दुपारी मैदानात नांगर घातला तेव्हा हसायची थांबली. तिथं आता पूर्वहंगामी उसाची लागण झाली आहे, कोंबही छान फुटलेत. मुलीकडच्यांचे फोन सुरू झाले. तुळशीचं लग्न लागायच्या आत नऊ सोयरिकी मोडल्या. निकिताच्या बापानं सुपारी माझ्याच हातात परत दिली, मी खिशात टाकली. तुझा गोरक्षनाथ यंदा कोयता घेऊन पश्चिमेकडं ऊस तोडायला गेला. तुला त्यानं फोन केला नसेल. कुठल्या तोंडानं करणार?

लंकाबाई मात्र आली होती. ओट्याखाली उभी राहिली, वर चढली नाही. म्हणाली, ‘त्या नारळाचा राग हुता तर मला सांगायचं हुतं, मालक. मी तुमच्या हातात दिला असता. माझ्या पोराचं लगीन कशापायी फोडलं?’ तुला, अमेरिकेत शिकलेल्याला जे उमगलं नाही ते तिला उमगलं. मी म्हणालो, चहा घेऊन जा. ती थांबली नाही. तुझी आई आतून सगळं ऐकत होती. तोवर तिला वाटत होतं की मी नादानं लीग काढली आणि कंटाळून मोडली.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो. राहात्याचं मैदान मोकळं केलं तेव्हा तुझे ते पिवळे खांब भंगारात निघाले. वैजनाथला धाडून मी ते घेतले. रंगनाथ सुतारालाच बोलावलं, त्यानं वेल्डिंगवाला आणला, खांब कापून चौकट केली, बोल्टांनी भिंतीत आवळली आणि तिला सागाची फळी बसवली. रंगनाथ म्हणाला, ‘गहिनीनाथ, ह्या शिवेत दार? देवाला तरी भ्या.’ मी म्हणालो, पिवळा रंग खरवडू नको, तसाच राहू दे. तुझ्या आईला बाजारातून यायला उशीर झाला होता. ती आली, दारासमोर उभी राहिली आणि चौकटीवर हात फिरवून बघितला. वाहिलेल्या कुंकवाचा लाल डाग एका जागी अजून आहे, तिचं बोट तिथं बरोबर गेलं. ‘ज्या खांबाला हात जोडले, त्याच्याखालून मी तुमच्या घरात यायची न्हाई. तुमाला दार पायजे हुतं, घ्या,’ एवढंच म्हणाली आणि बाहेरच बसली. गेल्या शनिवारपासून ती ओट्यावर आहे. अंगणात तीन दगडांवर भाकरी थापते. माझी भाकरी उंबऱ्यापर्यंत सरकवते, हात आत घालत नाही. तिला खोकला झाला आहे. मी तिला विनवणार नाही आणि मी लावलेलं दार मी काढणारही नाही, अख्खं शिवार हसेल. तू बंद करायला दार नाही म्हणून हसला होतास; आता ये आणि बघ, कडी आतून आहे आणि आत मी एकटाच आहे. यायचं तर थंडी वाढायच्या आत ये आणि ते उखडून टाक. पान्हा तुझ्या आईच्या उशाशी ठेवला आहे, मी आडवा येणार नाही. आला नाहीस तर तिचं जे होईल ते तुझ्या माथी, आणि हे मी तेराव्याला सगळ्या सोयऱ्यांसमोर सांगेन.

तुझाच,
अण्णा