कारखान्यापर्यंत पायी

आई,

सकाळपासून एका जागी बसवत नाही. दवाखान्याचा महिन्याचा अहवाल लिहायचा म्हणून टेबलाशी बसले, दोनदा उठले, चहा केला आणि न पिताच ओतून दिला. आता अहवाल बाजूला सारून तुला लिहितेय. तू जाऊन अठरा वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू असताना कधी लिहिलं नाही. आता त्यानं काही फरक पडत नाही.

मला आपली खोली दिसते. तू दाराच्या उजेडात बसली आहेस, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोटं विडी वळतात, दोरा गुंडाळतात, आणि डोळे माझ्याकडे. मी नुकतंच नर्सिंग संपवून आलेय. हातात मोठ्या इस्पितळातून आणलेला आहाराचा छापील तक्ता. तुला रक्तात साखर निघून वर्ष झालंय आणि तू सकाळी चहात खारी बुडवून खातेस, दुपारी भात आणि शेंगाचटणी, रात्री उरलेला भात. मी तक्ता भिंतीला चिकटवते आणि मोठ्यानं वाचून दाखवते. पालेभाजी रोज, कडधान्य, काकडी, अर्धा तास चालणं. तू सगळं ऐकून घेतलंस, हातातली विडी पुरी करून सुपात टाकलीस आणि म्हणालीस, "कागद चांगला हाय. आता भाजी कुटं मिळती ते सांग. गल्लीतल्या दुकानात कांदा, बटाटा अन् वेफरच्या पुड्या. मंडईला जायाचं तर अर्धा दिस जातो. अन् आणलीच तर निवडायची कुणी? विड्या कोण वळल?" मी चिडले. तुला बरंच व्हायचं नाही, असं काहीतरी बोलले. तू पुढचं पान उचललंस. "सांगायला काय लागतं गं. तू एक जुडी आण की."

ती जुडी मी आणली नाही. पुढं तुझ्या पायाला चपलेनं जखम झाली, आधी बोट काढलं, मग पाय, आणि मग तू गेलीस. मी गल्ली सोडली, शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला, आणि जिथं बदली होईल तिथं बायकांना तोच तक्ता वाचून दाखवत राहिले.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली आपल्याच गल्लीजवळच्या दवाखान्यात झाली. पहिल्याच आठवड्यात रक्त तपासायच्या रांगेत समोरची अक्का उभी दिसली. तीच, घरात तेलुगू बोलणारी, तुझ्याबरोबर आयुष्यभर विड्या वळलेली. बोटं वाकडी झाल्यामुळं तिचं काम सुटलंय. माझ्याकडं बघत म्हणाली, "आईसारकीच दिसायलीस." त्या रांगेतल्या निम्म्या बायकांना साखर निघाली. माझा हात सवयीनं तक्त्यांच्या गठ्ठ्याकडं गेला आणि तिथंच थांबला. अक्का माझ्याकडं बघत होती, आणि मला तिच्या जागी तू दिसत होतीस.

त्याच महिन्यात शहराजवळच्या वळसंग गावची एक शेतकरीण नातवाला लस द्यायला आली. ती आणि तिचा नवरा पहाटे टेम्पोतून मंडईला भाजी आणायचे. मी तिला विचारलं, वाटेत आमच्या गल्लीत थांबाल का? ती म्हणाली, "तितं घेणार कोण, सिस्टर? विडीवाल्या बायांना येळ कुटं असतो?" तरी आठवड्यातले दोन दिवस ती थांबायला लागली. मेथी, शेपू, अंबाडी, दोडके. पहिले दोन आठवडे बायकांनी हौसेनं घेतलं. तिसऱ्या आठवड्यात मेथीच्या जुड्या तशाच टेम्पोत सुकल्या. निवडायची कुणी, हा तुझाच प्रश्न इतक्या वर्षांनी पुन्हा समोर आला. उत्तर अक्कानं दिलं. ओट्यावर पोतं अंथरून ती बसली आणि म्हणाली, "माजी बोटं विडीला निकामी झाली, मेथीला न्हाई. आणा हिकडं." दहा-बारा घरांची भाजी ती एकटी निवडायची. बदल्यात कुणी भाकरी द्यायचं, कुणी वाटीभर भाजी. दुपारी गल्लीतून गेलं की तंबाखूच्या वासात लसणाच्या फोडणीचा वास मिसळलेला असायचा. मी गाडीचा वेग कमी करून जायचे.

मग माझी हाव वाढली. दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या बायका, वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात जायचं तर सगळ्या मिळून रिक्षा करायच्या. मी म्हणाले, पायी जा. जाऊन येऊन तासभर होतो, वेगळा वेळ काढायला नको. आधी हसल्या, मग निघाल्या. साडी खोचून, कमरेवर टोपली घेऊन. अक्काकडं द्यायला विड्या नसायच्या, तरी ती सोबत म्हणून जायची. आई, तो रस्ता मला रोजचा माहीत होता. कडेला उभ्या गाड्या, बांधकामाच्या वाळूचे ढीग, माणसानं पाय ठेवावा अशी जागाच नाही. मी तिथून स्कूटरवर जात होते आणि त्यांना चालायला सांगत होते. तिसऱ्या आठवड्यात एका मोटरसायकलनं अक्काला मागून उडवलं. तिचा खुबा मोडला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं. "या बायकांना त्या रस्त्यानं चालायला कुणी सांगितलं?" मी म्हणाले, "त्या आपल्या आपणच जायला लागल्या होत्या, मॅडम." माझा आवाजसुद्धा कापला नाही. बाहेर येऊन मी पुढच्या बाईचा रक्तदाब घेतला.

बायकांचं चालणं थांबलं. भाजी निवडणारं कुणी नाही म्हणून भाजीही थांबली, वळसंगचा टेम्पो दोनदा येऊन भरलेला परत गेला. मी अक्काला भेटायला अकरा दिवस गेले नाही. गेले तेव्हा ती खाटेवर पडून होती, सून दारात विड्या वळत होती. मी कडेला बसले आणि सगळं बोलून टाकलं. "अक्का, मी खोटं बोलले. तुम्ही आपणहून निघालात असं सांगितलं मॅडमना."

ती छताकडं बघतच म्हणाली, "ठावं हाय. त्या हितं आल्या होत्या विचारायला. मी बी तेच सांगितलं."

"का?"

"नोकरी जाईल की तुजी." मग मान वळवून म्हणाली, "पर यायला अकरा दिस लावलीस. ते बरं न्हाई केलीस."

तिच्या त्या खोट्यानं माझं खोटं पक्कं झालं होतं. मी सुटले होते. त्या दिवसापासून ही येरझार सुरू झाली, आई. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. चार दिवसांनी मी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं की बायकांना मीच चालायला सांगितलं, तो रस्ता चालण्याजोगा नाही, आणि गल्लीच्या टोकाच्या शाळेचं मैदान सकाळी तासभर त्यांना उघडून द्यावं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, "सिस्टर, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय." मी म्हणाले, "पुढं पाठवा." मला नोटीस आली. मैदानाला मात्र नकार आला. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, कुणाला काही झालं तर जबाबदार कोण? तो प्रश्न मी ओळखत होते, त्यामुळं त्यांच्याशी मला भांडताही येईना.

भांडल्या बायकाच, त्याही आपल्या पद्धतीनं. एका सकाळी पंधरा-वीस जणी सुपं घेऊन शाळेच्या फाटकाशी जाऊन बसल्या आणि तिथंच विड्या वळायला लागल्या. कामाचा खाडा नाही, घोषणा नाहीत. मुख्याध्यापिका बाहेर आल्या. "अहो, शाळेच्या दारात तंबाखू कसली घेऊन बसलाय?" अक्काच्या सुनेनं मान वर न करता सांगितलं, "आत चालाय सोडा की मॅडम. लगेच उठताव." तीन सकाळी त्या तशाच बसल्या. चौथ्या दिवशी शिपायानं कुलूप काढलं, शाळा भरायच्या आधीच्या एका तासासाठी.

आता त्या तिथं चालतात. सगळ्या नाहीत, सातआठजणी गळल्या. वळसंगचा टेम्पो दोनऐवजी एकच दिवस येतो. अक्काचा एक पाय आखूड झालाय. ती वॉकर घेऊन फाटकापर्यंत येते, पायरीवर बसून अंबाडी निवडते, आणि कुणी गप्पा मारत उभी राहिली की ओरडते. रांगेतल्या बायकांच्या साखरेचे आकडे फारसे हललेले नाहीत. नोटिशीचा निकाल यायचाय. परवा एक नवी सून मला म्हणाली, "सिस्टर, तुमी बी या की आत, नुसतं फाटकात का उभ्या राहताव?" मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एवढं लिहून थांबते. गेल्या महिन्यात दवाखान्यातले सगळे घरी गेल्यावर मी माझंही रक्त घेतलं. साखर वाढलेली निघाली. रक्ताच्या नळीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर माझं नाव घालायचा धीर झाला नाही, आई. मी तुझं घातलं.