पाचवं शील

धुळे
२३ ऑगस्ट २०२४

ती. आजीस,
साक्षीचा सविनय जयभीम.

वि. वि. मी खुशाल आहे. मेसची भाजी अजून पातळच, म्हणून तुझ्या ठेच्याची बरणी अर्ध्यावर आली. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले तर गल्ली ऐकते, तेव्हा लिहिते.

आजी, रागावू नकोस. रविवारी तुझं अंथरूण उन्हात टाकताना उशीखाली खोकल्याच्या औषधाची बाटली सापडली. तुला खोकला नाही. मी वास घेतला. मांडीवरचा काळानिळा डागही पाहिला. तू म्हणालीस, मोरीत पाय घसरला. इथे दवाखान्यात मी समुपदेशनाला बसते, तेव्हा तुझ्या वयाची माणसं रोज समोर येतात. म्हातारपणी शरीर दारू लवकर बाहेर टाकत नाही. पूर्वी सोसली तेवढीच आता तोल घालवते. त्यात तुझ्या साखरेच्या आणि झोपेच्या गोळ्या. एखाद्या सकाळी तू उठलीच नाहीस तर? डॉक्टरांना खरं सांग. मी पप्पांना काही बोललेले नाही.

उत्तर दे. माझ्यावरची माया या पत्राने कमी करू नकोस.

तुझी,
साक्षी

सावदा
३० ऑगस्ट २०२४

चि. साक्षीस,
द्रौपदाबाईचा आशीर्वाद आणि जयभीम.

घरातली पहिली पदवीधर पोरगी आजीच्या उशा हुंगत फिरते, म्हणजे शिक्षण वाया गेलं नाही! बठ्ठं बरं शे, एवढंच लिहिणार होते. पण तुला खोटं लिहवत नाही.

तुझे आजोबा गेले त्या हिवाळ्यात गुडघ्यांनी झोप खाल्ली. शेजारच्या कौतिकने घोटभर दिली, म्हणाला, अक्का, औषध समज. घोटाचा पेला झाला. अजूनही तोच आणून देतो आणि दारात उभा राहून हसतो.

सांगू कुणाला? वॉर्डातलं देशीचं दुकान उठवायला आडव्या बाटलीसाठी मतं मागत दारोदार मीच फिरले. वर्षावासात विहारात ग्रंथ मीच वाचते. दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील बायका माझ्या मागून म्हणतात. तुझ्या बापाची छाती त्यावरच फुगते.

श्रावण पौर्णिमेला उपोसथाचं व्रत धरलं, म्हणून आदल्या दिवसापासून थेंब घेतला नाही. वाचताना हात थरथरले, लुगडं घामाने भिजलं, ओळींवर मुंग्या चालताना दिसल्या. बायकांना वाटलं, अक्काला धम्माचा उमाळा आला. सुनंदाबाईने तर पाया पडून डोळे पुसले. आता भादव्याच्या पौर्णिमेला मी तीन दिवस विहारातच राहावं, असं त्यांनी ठरवलंय. मीही म्हटलं, बरं झालं, तिथेच कायमची सोडीन.

तुला माझी शपथ, कुणाजवळ बोलू नकोस. जेवत जा. आजीला मनातून उतरवू नकोस.

तुझी आजी

धुळे
५ सप्टेंबर २०२४

ती. आजीस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि ताट तसंच राहिलं. आजी, तो उमाळा नव्हता. रोजची सवय झालेल्या शरीराची दारू एकदम तोडली की ते असंच थरथरतं, नाही ते पाहतं. झटके येतात, जीवही जातो. सोड, पण विहारात, एकटीने नको. डॉक्टर औषध देऊन, लक्ष ठेवून सोडवतात. तोवर एकदम बंद करू नकोस, वाढवूही नकोस. बघ ना, मीच तुला पी म्हणून लिहिते आहे.

रोज मी परक्या माणसांना सांगते की घरी बोला, घर समजून घेतं. आणि माझ्याच घरी तू माझं तोंड शपथेने बांधलंस. पौर्णिमेआधी पप्पांना सांग. तुझ्याच पोटचे आहेत, समजून घेतील. नाहीतर मी शपथ मोडीन. मग हवं तर बोलू नकोस माझ्याशी, पण जिवंत राहा.

लोभ ठेवशील ना?

साक्षी

सावदा
२० सप्टेंबर २०२४

चि. साक्षीस,
अनेक आशीर्वाद.

तू शपथ मोडण्याआधी मीच भूषणला सांगितलं. तुझ्या बापाने आधी दार लावलं, मग खिडकी. ओरडला नाही. म्हणाला, आई, हे घराबाहेर जायला नको. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाला, तिथला कंपाउंडर आपल्याच गल्लीतला, संध्याकाळी विहारात कळेल. धुळ्याला तुझ्याकडे ने म्हटलं, तर एसटीत ओळखीचं कुणी भेटलं तर, म्हणाला.

एकदम तोडली तर जीव जातो, हे तुझं वाक्य मात्र त्याने धरून ठेवलं. कौतिकला दारातून परत लावलं आणि आता स्वतः जळगावहून आणतो. पेला भरून देतो, मी पिईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. चोरून घ्यायचे तेव्हा लाज माझ्या एकटीची होती गं.

बायका मला न्यायला आल्या होत्या. त्याने सांगितलं, गुडघे सुजलेत, भेटायला येऊ नका. वाचन आता सुनंदाबाई करते. मागच्या खोलीत मला भोंग्यावर सगळं ऐकू येतं. पाचवं शील आलं की मी तोंड मिटून बसते.

भूषणला बोल लावू नकोस. रात्री माझे पाय चेपतो. तू लिहिलंस तसंच झालं, घराने समजून घेतलं. म्हणूनच मला बाहेर पडता येत नाही. तुझी आई हे पत्र टपालात टाकीन म्हणते, पण कडी काढायचं धाडस तिला होत नाही.

तू ये. दवाखान्यात कुणी विचारायच्या आत मी सांगीन की ही द्रौपदाबाई दारू पिते. मला आता बोलायची भीती नाही. कडी बाहेरून आहे.

वाट पाहते. माया असू दे.

तुझी आजी