धुतलेल्या पेन्सिली

अप्पा, तुमची नात बाळंतपणाला घरी आली आणि तिला काय खायला द्यायचं यावरून आपल्या स्वयंपाकघरात जे महाभारत झालं, ते बघायला तुम्ही असायला हवे होतात. तिच्या सासूबाई पुण्याच्या, त्यांचा रोज सकाळी फोन. तीळ नको, अननस नको, वांगं नको, बाहेरचं तर काहीच नको. समोरच्या अक्कांचं वेगळंच. त्या म्हणाल्या, दाणे पित्ताचे, ते आधी बंद करा. आता शेंगाचटणी बंद केल्यावर सोलापूरच्या पोरीनं भाकरी कशाशी खायची, हे मात्र त्या सांगत नव्हत्या. तुमचे जावई निवृत्त झाल्यापासून मोबाइल वाचून तज्ज्ञ झालेत, ते येता-जाता काहीतरी नवीन वाचून दाखवायचे. सगळ्यांचं ऐकलं असतं तर पोरीच्या ताटात मऊ भात आणि तूप एवढंच उरलं असतं. शेवटी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं आणि त्या म्हणतील तेच करायचं ठरवलं. त्यांनी साधं सांगितलं. ताजं, नीट शिजलेलं खायचं, दूध उकळलेलं, फळं धुऊन. दाणे चालतात, तीळही चालतात, खवट किंवा बुरशी आलेले दाणे तेवढे नकोत. एका गोष्टीवर मात्र आमचं सगळ्यांचं एकमत होतं, त्यामुळे ती मी डॉक्टरांना विचारलीसुद्धा नाही. पपई घरात येणार नव्हती. का, ते तुम्हाला माहीत आहे.

माझ्या वेळी हे सगळं तुमच्या एकट्याच्या अंगावर पडलं होतं. आई तर मी दहावीत असतानाच गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचा रिवाज, आणि माहेर म्हणजे भवानी पेठेतल्या दोन खोल्या, पुढे तुमचं पाट्या-वह्यांचं दुकान, मागे न्हाणी आणि तुम्ही. मला लातूरहून पोचवायला आलेल्या सासूबाईंनी निघताना विचारलं, “इथं करणार कोण हिचं?” तुम्ही म्हणालात, “मी हाय की.” एसटीत बसेपर्यंत सासूबाईंच्या कपाळावरची आठी गेली नव्हती.

तुम्हाला भाकरी येत होती, आमटी येत होती, पण पोटुशीला काय चालतं हे कुणाला विचारावं ते कळत नव्हतं. मग तुम्ही दुकानात बसून गिऱ्हाइकांनाच विचारायला लागलात. पोराला वही घ्यायला आलेली बाई दिसली की वही कागदात बांधता बांधता, “आक्का, सातवा म्हैना हाय पोरीला. काय घालावं खायला?” मी आतल्या खोलीत पडून ऐकते आहे. गल्लीतले माग जरा थांबले की बायकांचे आवाज स्पष्ट येतात. एक म्हणते, हुलग्याचं माडगं प्यायला द्या, ताकद येती. दुसरी म्हणते, हुलगं लई उष्ण, नाव काढू नका. विणकराच्या घरातली एक तेलुगू म्हातारी म्हणते, “अय्यो, वांगं वद्दू,” म्हणजे नको. बांगड्या विकणाऱ्या चाची म्हणतात, “अंडा खिलाव बेटी को. उबालके. कच्चा नक्को.” तुम्ही सगळ्यांना व्हय व्हय म्हणता आणि दुपारी आत येऊन माझ्यासमोर मुगाची आमटी, भाकरी आणि शेंगाचटणीच ठेवता.

अंड्याचं मात्र तुमच्या मनात राहिलं. आपल्या घरात कधी अंडं आलेलं नव्हतं. काही दिवस तुम्ही विचार करत राहिलात, मग एका सकाळी रॉकेलचा स्टोव्ह मागच्या अंगणात नेलात, चाचींकडूनच एक पातेलं मागून आणलंत आणि तोंड भिंतीकडे करून अंडं उकडलंत. सोलायला काही तुमचा हात होईना, तेव्हा ते मीच सोललं. “कसं लागतंय?” तुम्ही विचारलंत. बरं लागतंय, मी म्हणाले. “मग खा,” म्हणालात आणि पुन्हा आंघोळीला गेलात. त्यानंतर रोज तसंच. अंडं, मग आंघोळ.

मला डोहाळे लागले ते यातल्या कशाचेच नव्हते. तुम्ही जेवायला आत आलात की मी दुकानात बसायचे आणि फळीवरच्या खोक्यातली पाटीची पेन्सिल काढून कुडुमकुडुम चावायचे. त्या कोऱ्या पेन्सिलींचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. चवीला त्यात काय होतं ते आजही सांगता येणार नाही, पण त्या दिवसांत पुरणपोळीसाठीसुद्धा मी इतकी कासावीस झाले नसते. खोकी लवकर संपायला लागली, तुमच्या लक्षात आलंच असणार. मग एका दुपारी माझ्या ओठांवरची पांढरी भुकटी तुम्ही बघितलीत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही मात्र एक खोकं उचलून आत घेऊन गेलात.

नळाला पाणी येण्याचा दिवस होता. मी उठून न्हाणीशी गेले तर तुम्ही उकिडवे बसून परातीत पेन्सिली धूत होतात. जुन्या टूथब्रशनं एकेक पेन्सिल घासायची, पाण्यात बुचकळायची आणि धोतराच्या फडक्यावर मांडायची. लोक त्या दिवशी घागरी भरायला धडपडतात आणि तुम्ही पेन्सिली धूत होतात. नंतर ते फडकं गच्चीवर उन्हात टाकलंत. संध्याकाळी आईच्या वेळचा स्टीलचा डबा माझ्यापुढे ठेवलात. “खोक्यातल्या नगं खाऊ. त्येला कुणाकुणाचं हात लागल्यात. ह्या धुतल्यात.” आणि जरा अवघडूनच पुढे म्हणालात, “माझी आई गावाकडं, दुधनीला, चुलीची माती खायची म्हनं. तुला वाटतंय तर खा की.” डबा रिकामा झाला की मी तो न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवायचे, आणि पाणी आलं की तो भरलेला परत यायचा. माझे कुणी इतके लाड केले नाहीत, अप्पा, आधीही नाहीत आणि नंतरही नाहीत.

आणि त्याच दिवसांत तुम्ही मला आयुष्यात एकदाच रागावलात, ते पपईवरून. शेजारी एकीच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. तिथल्या फळांच्या ताटलीत पपई आहे हे तोंडात घातल्यावर कळलं, गोड होती म्हणून गिळली. घरी येऊन मीच हसत हसत तुम्हाला सांगितलं. तुमचा चेहराच उतरला. “तुला काय अक्कल हाय का न्हाई? आई असती तर उंबऱ्याभाईर पाऊल टाकू दिलं नसतं तिनं.” त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, मग हट्टानं मीही जेवले नाही. मुगाची आमटी तशीच झाकून राहिली.

बाळंतपणात माझं रक्त फार गेलं, आणि मुळातच अंगात कमी होतं. दवाखान्यात रक्ताच्या बाटल्या आणायला सांगितल्या, तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या आधी बाही वर करून उभे राहिलात म्हणे. तुमचं रक्त जुळलं नाही. पेठेतली मुलं धावून आली, त्यातल्या काहींचं जुळलं आणि मी वाचले. मला शुद्ध आली तेव्हा तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभे होतात, टोपी हातात धरून. “पपई,” एवढंच म्हणालात. पुढे तुम्ही असेपर्यंत आपल्या घरात पपई आली नाही, आणि तुम्ही गेल्यावरही आली नाही. कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, एका फोडीपायी लेक जात होती. मीही लोकांना तेच सांगत आले.

त्यामुळे नातीलाही पेन्सिलीचेच डोहाळे लागले तेव्हा मला काळजी वाटली नाही, उलट हसू आलं. तुमची नात, तुमच्याच दुकानातली पेन्सिल. तुमच्यामागे दुकान मीच बघते; आता पाट्या कुणी घेत नाही, पण पेन्सिली अजून खपतात. घेणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि त्या कशाला घेतात हे मी कधी विचारलं नव्हतं. मी माळ्यावरून तोच स्टीलचा डबा काढला. पाणी आलं त्या दिवशी पेन्सिली ब्रशनं घासल्या, गच्चीवर वाळवल्या आणि तिला दिल्या. तुमच्यापेक्षा जास्तच स्वच्छ धुतल्या असतील.

गोळ्या चालू होत्या तरी तिचं रक्त वाढेना. आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, असंच राहिलं तर बाळंतपणात रक्त चढवायची वेळ येईल, जोखीम आहे. मग त्यांनी विचारलं, “माती, खडू, पेन्सिल असं काही खाते का ही?” पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मीच सांगितलं, “खाते की. पण मी धुऊन देते.” त्यांनी पेन खाली ठेवलं. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की अंगात रक्त कमी असलं की असलं काहीतरी खावंसं वाटतं, आणि ते खाल्लं की जेवणातलं आणि गोळीतलं लोह अंगाला नीट लागत नाही. शिवाय त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, शिसं असलं तर बाळालाही वाईट. “ती खायची वस्तूच नाही ना, काकू. धुऊन काय होणार?” मग पोरीला नर्सनं वजन करायला बाहेर नेलं, तेव्हा मी पपईचं विचारलं. कच्ची टाळायची म्हणाल्या, पिकलेल्या पपईच्या एका फोडीनं काही होत नाही. मी माझ्या बाळंतपणाची सगळी हकिकत सांगितली. इतक्या वर्षांनी छातीठोक सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या, पण रक्त आधीच कमी असणार आणि पेन्सिलींनी ते वाढू दिलं नसणार. येताना रिक्षात मी सगळं आठवून बघितलं. तिळापासून अननसापर्यंत सगळ्याचा काथ्याकूट केला आणि या पेन्सिलींची चौकशी करावी असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

घरी आल्याबरोबर मी डबा उचलला. पोरगी हट्टाला पेटली. “एकदम बंद नको ना करू. तूही खाल्ल्यास, मी झालेच की धडधाकट.” तू झालीस, पण मी जात होते, मी म्हणाले. “ते पपईनं ना?” मी डबा तिच्यासमोर धरला आणि सांगितलं, पपईनं नाही, यानं. डॉक्टर एवढं पक्कं म्हणाल्या नव्हत्या, पण त्या घटकेला मला पक्कंच सांगायचं होतं. ती पोटावर हात ठेवून खाली बसली. मग तिनं विचारलं, “आजोबांना माहीत होतं?”

“नाही,” मी म्हणाले. “दुकानातून चोरून खायचे मी.”

त्यानंतर तिनं पेन्सिल मागितली नाही. सोपं गेलं नाही तिला. दुकानाचं दार उघडं राहिलं तरी चिडायची, एकदा नुसत्या वासानं रडली. मी खोकी काढूनच टाकली. चावायला भाजलेले चणे दिले. जेवणात शेवग्याच्या पाल्याची भाजी, गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर, चहा जेवणापासून लांब. दुकानात बायका पेन्सिली मागतात तेव्हा मी संपल्या म्हणते. एकीला बसवून समजावून सांगितलं, तर ती ऐकून घेऊन पुढच्या गल्लीत घ्यायला गेली. तरी आता प्रत्येकीला सांगायचंच असं ठरवलं आहे. तुम्ही बसायचात तिथेच बसून.

पुढच्या तपासणीला रक्त थोडं वाढलं, त्याच्या पुढच्या तपासणीला आणखी. बाळंतपण नीट झालं. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत, आणि बाटली लावावी लागली नाही. तुमचे जावई दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले होते, त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी आधी चष्मा पुसला.

काल ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. समोर तुमचा फोटो. म्हणाली, “आजोबा पपईच्या एका फोडीसाठी उपाशी राहिले होते ना? त्यांना पेन्सिलींचं कळलं असतं तर अख्खं खोकं गटारात ओतलं असतं त्यांनी.” मी दुपट्यांच्या घड्या घालत होते. “हो,” मी म्हणाले, “ओतलं असतं.”

तुमच्यावर राग नाही, अप्पा. तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. परातीवर वाकलेली तुमची पाठ डोळ्यांसमोर आली की मला अजून भरून येतं, आणि आता त्याच्याबरोबर डॉक्टरीणबाईंनी खाली ठेवलेलं पेनही दिसतं. दोन्ही एकदम होतं, त्याला काही इलाज नाही. तो डबा कोण भरायचं, हे घरात कुणाला सांगणार नाही. तुम्हाला लिहिलं तेही तुम्ही वाचणार नाही म्हणूनच. तुम्ही असता, आणि मी दवाखान्यातून आल्या आल्या दुकानातूनच विचारलं असतंत, “काय म्हनली गं डाक्टरीन?” तर मी चप्पल काढता काढता सांगितलं असतं, पपईच म्हणाली.