बाटलीवरचा एडका

१९ एप्रिल

आईने नाकारलेलं काळं कोकरू केझियाने बाटलीवर घेतलंय. नाव ठेवलं बटाटा.
"एवढा काळा बटाटा?"
"करपलेला, बाई."

आज त्याला रबरी कडी लावायची होती. बाटलीवरचा नर खच्ची केल्याशिवाय ठेवायचा नाही — या डोंगरात शेंबडं पोरही सांगेल. कळपात वाढलेला एडका माणसाला बुजतो. बाटलीवरचा बुजत नाही. माणूस त्याला आपल्यातलाच वाटतो. मग टकरी घेतो.

केझियाने कोकरू छातीशी धरलं होतं. "दुखेल?"
"हो."
मारामारी करते म्हणून दोन शाळांनी काढलं, तेव्हा ही शाळेबाहेरच्या पोरांसाठीच्या आमच्या शेतावर आली. दुसऱ्या कोणाला दुखेल का, हे तिने आज पहिल्यांदा विचारलं.

कडी खिशात टाकली. उद्या लावू.

२ मे

कडी अजून खिशातच.

११ सप्टेंबर

बटाट्याला शिंगं आलीत. आज त्याने बादली उडवली आणि केझिया हसली — मोठ्याने, दात दाखवून! मी चहा ठेवायला आत गेले. ती कुरणातच राहिली.

विल्फ तिला न्यायला आला होता. आईकडून काढल्यावर तिला सरकारने त्याच्या घरी ठेवलंय. याआधीचं एकही घर टिकलं नाही. हे टिकतंय. बराच वेळ फाटकावर रेलून तो तिच्याकडे पाहत होता. मग ओरडला, "चल गं भवाने!"
"आले रे थेरड्या!"

१४ ऑक्टोबर

दवाखान्यात लस टोचताना नर्सला दिसलं. मांड्यांवर, पाठीवर काळेनिळे डाग. जुने, नवे. कोणी मारलं? केझिया तोंड उघडत नाही. तिला विल्फच्या घरून हलवलं. चौकशी होईपर्यंत बॅरो शहरातल्या वसतिगृहात.

मलाही विचारलं. विल्फ माणूस कसा? "सज्जन," मी म्हटलं. लिहून घेणारीने मान वर केली नाही.

१६ ऑक्टोबर

वसतिगृहाची गाडी केझियाला रोज शेतावर सोडते. ती कोणाशी बोलत नाही.

ती गेल्यावर विल्फ आला. त्याला फाटकाच्या आत यायची बंदी. दाढी वाढलेली. हातात तिचे गमबूट. "ओल्या पायांनी हिंडेल कार्टी."

जाताना माझ्या मागे कुरणाकडे पाहत म्हणाला, "बटाटा बरा आहे ना?"

या माणसाला आत्ता एडका सुचतो!

२० ऑक्टोबर

चारा टाकत होते. मागून धडक. चिखलात तोंडावर पडले.

घरी आल्यावर मांडी पाहिली. गोल, काळानिळा डाग. आरशापुढे तशीच उभी राहिले.

२१ ऑक्टोबर

केझियाला गवताच्या कोठारात गाठलं. स्कर्ट वर करून डाग दाखवला. ती बघतच राहिली.

"तो रागाने नाही करत, बाई. त्याला वाटतं आपण खेळतोय."
"माहीत आहे."
"सांगितलंत तर त्याला कापतील."
"आणि विल्फ?"
"विल्फला कोणी कापणार नाही."

मी स्कर्ट सारखा केला. मग तिने विचारलं, "सांगणार ना तुम्ही?"
"हो."

गवताची मूठ माझ्या अंगावर फेकली तिने. हात उचलला नाही. उचलायला हवा होता!

२२ ऑक्टोबर

चौकशीवाल्यांना फोन केला. सगळं सांगितलं — कडीचंही. विल्फ सुटला. केझिया शनिवारी त्याच्या घरी.

पोरांना मारणारा एडका शेतावर ठेवता येत नाही. दुसऱ्याच्या गळ्यातही मारता येत नाही.

२४ ऑक्टोबर

खाटकाकडचा ट्रेलर आला. बटाटा चढेना. दोरी, चारा, ढकलणं — काही नाही. चालक म्हणाला, "सोडा, उद्या दुसरा माणूस आणतो."

केझिया आली. आमच्यातल्या कोणाकडे न पाहता ट्रेलरमध्ये चढली. बटाटा तिच्या मागोमाग चढला.

ती बाजूच्या लहान दारातून एकटी उतरली.

कडी आज चुलीत टाकली. जळताना घाण वास आला.

२७ ऑक्टोबर

विल्फ भेटला. केझिया घरी आलीय. जेवत नाही. मी म्हटलं, निदान खरं काय ते कळलं.

"मला ठाऊक होतं, हेस्टर. बटाट्याने तिला आडवं केलेलं त्या दिवशी फाटकावरून पाहिलं होतं."
"मग बोलला का नाहीस!"
"पोरीला शब्द दिला होता."